सोडतानाची सफाई

रंगाच्या दुकानातल्या माणसाने काउंटरवर पांढऱ्या रंगाचे तीन नमुने मांडले आणि विचारलं, "राहत्या घरासाठी की भाड्याच्या?"

"भाड्याच्या."

"मग हा स्वस्तातला घ्या. डॅलगूरातले सगळे घरमालक हाच नेतात. कसला का डाग असेना, दोन हात मारले की गायब."

नरेल हॉजकिसने तोच घेतला. एक डबा, एक रोलर, जमिनीवर अंथरायला जुनं कापड. दुपार व्हायची होती, तरी गाडीचं दार हाताला चटका देत होतं. गावाच्या टोकाला कोळशाच्या खाणीचा ढिगारा काळ्या डोंगरासारखा पसरला होता आणि विजेच्या तारांवर गुलाबी काकाकुवे चोची वासून गप्प बसले होते. उन्हाळाच असा, की पाखरांनाही भांडायचं त्राण नव्हतं.

नरेलला मात्र होतं. बॅलरॅटहून निघाल्यापासून, आधी विमानात, मग मॅकायहून या गाडीत, ती मनातल्या मनात कुणाकुणाशी भांडतच आली होती. मेलबर्नच्या हॉटेलातल्या त्या चकचकीत बुटांच्या माणसाशी, ज्याने चहा-बिस्किटं देऊन सांगितलं होतं की खाणीच्या गावात घर घ्या आणि निवांत झोपा, घर तुमच्यासाठी राबेल. स्वतःशी, कारण दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या बाईने ते खरं मानलं, आणि न बघितलेल्या घरासाठी राहतं घर गहाण टाकलं. तेव्हा डॅलगूरात खाणकामगार गॅरेजमध्ये पाळीपाळीने झोपत आणि त्याचंही भाडं भरत. मग कोळशाचा भाव पडला. आणि ज्यांनी ते घर भाड्याने घेतलं, त्या भाडेकरूंशीही ती भांडत होती. एकही टिकत नव्हता. येत, आठवडे काढत, आणि करार मोडून पळत.

आता बँकेने सरळ सांगितलं होतं. महिनाअखेर डॅलगूराच्या घरात भाडेकरू नसेल, तर बॅलरॅटचं घर लिलावात. त्या घरात तिची आई मर्ल नवी नवरी म्हणून आली होती. आता एकोणऐंशीची होती, दोन्ही गुडघ्यांत धातूच्या वाट्या बसवलेल्या, आणि तिला अजून काही ठाऊक नव्हतं.

आज दुपारनंतर एपेली आणि वासेवा नावाचं एक फिजीचं जोडपं घर बघायला येणार होतं. एपेलीला खाणीत वेल्डरचं काम लागलं होतं. ते यायच्या आत बेडरूमच्या भिंतीवरचा तो जुना डाग रंगवून टाकायचा आणि काही झालं तरी हे घर त्यांच्या गळ्यात मारायचं. नरेलच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घर खांबांवर उभं होतं, फळ्यांचं, पुढे ओसरी. फोटोत होतं तसंच, फक्त जरा लहान. फाटकाशी एजंट ट्रेंट गाडीत बसला होता. गॉगल, कंपनीचा शर्ट, एसी चालू. काच चार बोटं खाली करून त्याने किल्ली बाहेर धरली.

"उतर ना," नरेल म्हणाली.

"इथंच बरंय."

"ट्रेंट, तू हे घर बघावंस म्हणून मी तुला पैसे देते. गाडीच्या काचेतून बघावंस म्हणून नाही."

"खरं सांगू का, नरेल? आमच्या ऑफिसात आता या घरात जायला कुणी तयार नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडची एक मुलगी आत गेली आणि अनवाणी बाहेर आली. म्हणाली, बूट राहू देत तिकडेच."

"वा! म्हणजे आता बुटांचंही भूत."

"मी भूत म्हटलेलं नाही."

"शेवटच्या भाडेकरूंनी म्हटलं ना! फ्रीजवर लावलेल्या फोटोंमधले चेहरे म्हणे रोज थोडेथोडे पुसले जायचे. त्याच्या आधीचा तो पोरगा, त्याचं अंथरूण, दाढीचं सामान, सगळं धुऊन, पुसून, खोक्यात भरून फाटकाबाहेर ठेवलेलं असायचं. करार मोडायचा असला की लोकांना काय काय सुचतं! आणि तू ते ऐकून घेतोस आणि मला कळवतोस, 'घर पुन्हा रिकामं, क्षमस्व.'"

शेजारच्या कुंपणापलीकडून कुणीतरी फस्सकन हसलं. एक वाळकी म्हातारी हातात रबरी नळी धरून उभी होती, ओठात सिगारेट. पाणी कधीचं एकाच रोपावर पडत होतं.

"तूच काय गं ती मालकीण?" म्हातारी म्हणाली. "मी डॉट. बघ बाई, बघ. घर आहे बरं का खरंच. भिंती आहेत, छप्पर आहे. फोटोत वास येत नाही, तेवढाच काय तो फरक."

"कसला वास?"

"ट्रेंटनं नाही सांगितलं?" डॉटने नळी खाली टाकली. "एल्वाचं नाही सांगितलं?"

गाडीची काच वर जाऊ लागली. नरेलने हात घालून ती धरली. "कोण एल्वा?"

"एल्वा ड्रूरी. तू घर घेतलंस तेव्हा यात राहत होती ती. वीस वर्षांवर राहिली. एकदा भाडं चुकवलं नाही. मग खाणीचा ठेकेदार तिप्पट द्यायला तयार झाला, आणि तुझ्याकडून तिला नोटीस आली. बरं, जायला सांगितलं तर गेली. रडली नाही, भांडली नाही. पण आपल्याकडं नुसतं जाता कुठं येतं? घर घेतलं तसंच्या तसं परत द्यायचं. पंख्याची पाती, खिडकीच्या खाचा, चुलीच्या आतली बाजू. मालकानं 'झालं' म्हणेपर्यंत डिपॉझिट अडकलेलं. एल्वानं असं धुतलं घर की जमिनीवर वाढून जेवावं. हा ट्रेंट आला, फोटो काढले, तुला धाडले. आणि तू काय म्हणालीस?"

नरेलला आठवलं. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात फोन. बेडरूमच्या भिंतीवर वरच्या डाव्या कोपऱ्यात करडा, फुगीर डाग. तिने लिहिलं होतं, 'डाग आहे. पुन्हा करायला सांगा.' दुसऱ्यांदा फोटो आला. 'अजून आहे. पुन्हा.'

"तिसऱ्या खेपेला वीज तोडलेली होती," डॉट म्हणाली. "घर सोडलं म्हणजे मीटरही बंद. पंखा नाही, गार पाणी नाही. फेब्रुवारीचं ऊन. संध्याकाळी बाहेर आली नाही म्हणून मी गेले. भिंतीला टेकून बसलेली होती. घासणी हातात. बोटं सोडवता सोडवेनात."

"मला… मला कुणी सांगितलं नाही!" नरेलचा आवाज चढला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती कुणावर काढावी हे तिला कळेना. "ट्रेंट! हे खरं आहे?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ट्रेंट समोर बघत म्हणाला.

"आणि तिचं डिपॉझिट?"

"सफाई अपुरी राहिली ना. तुमच्याच खात्यात जमा केलं."

डॉट पुन्हा हसली, पण या वेळी आवाज न करता. "घाबरू नकोस हो. ती कुणाला काही करत नाही. तिला अजून कुणी 'झालं' म्हटलेलं नाही, एवढंच."

नरेलने किल्ली ओढून घेतली. "मी आत जातेय. आणि ट्रेंट, तू इथून हललास तर बघ." रंगाचा डबा उचलून ती तावातावाने पायऱ्या चढली. मेलेली बाई! अपघात झाला असेल, वाईट झालं असेल, पण त्याचा दोष फोनवर दोन ओळी लिहिणाऱ्या बाईचा कसा? आणि आता हे सगळं गाव मिळून तिच्या म्हाताऱ्या आईला रस्त्यावर आणणार का?

जाळीचं दार उघडताच तो वास आला.

घाण नव्हती ती, असती तर बरं वाटलं असतं. ब्लीच, व्हिनेगर आणि ओल्या कापडाचा वास, इतका दाट की डोळे चुरचुरले. महिनाभर बंद असलेलं घर, बाहेर कोळशाची धूळ उडतेय, आणि आत धुळीचा कण नव्हता. नळाची तोटी चकाकत होती. खिडकीची काच आहे की नाही हे कळू नये इतकी स्वच्छ. माशी नव्हती. भिंतीवर पाल नव्हती. जिवंत असं काहीच त्या घराला चिकटून राहिलेलं नव्हतं.

"कोण आहे?" नरेल ओरडली. "कुणी घुसून राहत असेल तर सांगते, पोलिसांना बोलावीन!"

आणि मग आतल्या खोलीतून… खस्स… खस्स… खस्स. ताठ केसांची घासणी ओल्या भिंतीवर फिरावी तसा आवाज. थांबून थांबून. दमलेल्या हाताचा.

पळावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण तिला एपेली आणि वासेवा दिसत होते, आणि त्यांच्यामागे आईचं घर. ती बेडरूमच्या दारापर्यंत गेली.

खोली रिकामी होती. लिनोलियमची जमीन ओली होती, नुकतीच पुसल्यासारखी लखलखत होती. त्या ओलाव्यात भिंतीजवळ दोन कोरडे गोल होते, बशीएवढे, शेजारी शेजारी. नरेल बघत राहिली. घासणीचा आवाज क्षणभर थांबला. डावा गोल हळूच ओलावला आणि वीतभर पुढे नवा कोरडा गोल उमटला. मग उजवा.

गुडघे होते ते.

मागे वळून दाराचा अंदाज घ्यावा म्हणून तिने मान फिरवली, आणि तिला आपल्या बुटांचे ठसे दिसले. बाहेरची काळी धूळ घेऊन ती आत आली होती. ओसरीपासून बेडरूमपर्यंत ठशांची माळ उमटायला हवी होती. पण दाराशी एकही ठसा नव्हता. चुलीजवळचा होता, तो तिच्या डोळ्यांदेखत पुसट झाला, मग गेला. मग त्याच्या पुढचा. कुणीतरी मागून पुसत येत होतं, घाई न करता, एकेक, तिच्या दिशेने. शेवटचा ठसा गेला आणि तिच्या घोट्याला, बुटाच्या वर, उघड्या कातडीला ओलं, खरखरीत कापड लागलं.

एकदा. दोनदा. जणू तीही त्या जमिनीवरचाच एक डाग होती.

नरेल भिंतीवर आदळली. रंगाचा डबा हातातून सुटून गडगडत गेला. भिंतीला पाठ लावून तिने जिथे डाग होता तिथे, वर, डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. डाग नव्हता. भिंत नुसती स्वच्छ नव्हती. त्या जागी घासून घासून रंग गेला होता, खालचा तक्ता उघडा पडला होता, त्याचीही सालपटं निघाली होती. जे तिथे नव्हतं ते काढायला कुणीतरी भिंतीच्या हाडापर्यंत पोचलं होतं.

कसा माणूस असतो बघा. एवढ्या भीतीतही तिने फोन काढला. आपलंच खरं होतं हे तिला बघायचं होतं. जुने फोटो तिने जपून ठेवले होते, भांडणात लागतील म्हणून. बेडरूमची भिंत: डावीकडे वर डाग, करडा, फुगीर. तिने पुढचा फोटो समोर आणला, जो तेव्हा तिने नीट उघडलाही नव्हता. स्वयंपाकघर. डावीकडे वर तोच डाग. न्हाणीघर, तोच. परसातला कपडे वाळत घालायचा खांब, मागे निळं आभाळ, आणि आभाळात, डावीकडे वर, तोच करडा फुगीर डाग.

तिने ट्रेंटला फोन लावला. बोट चुकून स्पीकरवर पडलं आणि त्याचा आवाज खोलीभर घुमू लागला.

"ट्रेंट, तुझ्या कॅमेऱ्याच्या काचेवर डाग होता."

"काय?"

"काचेवर! तुझ्या बोटाचा! आभाळातसुद्धा आहे तो! भिंतीवर काही नव्हतं. कधीच नव्हतं. तू तिथं उभा होतास ना? तू भिंतीकडं डोळ्यांनी बघितलं होतंस की नाही?"

"मी… मी फोटो काढत होतो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा तुम्हीच म्हणालात डाग आहे म्हणून! मालक तुम्ही. मी कोण नाही म्हणणारा?"

"माणूस होतास ना तू! तुझ्यासमोर ती बाई उभी होती!"

"आणि तुमच्यासमोर फोटोंचा गठ्ठा होता! एक पान पुढं जायचं होतं फक्त. एक!"

ते भांडत राहिले, किती वेळ कुणास ठाऊक. तू केलंस, तुम्ही केलंत. मध्येच नरेलच्या लक्षात आलं की खोलीत दुसरा कुठलाच आवाज नाही. घासणी थांबली होती. ते दोन कोरडे गोल आता भिंतीकडे नव्हते. ते तिच्या पायांपाशी होते, तिच्याकडे तोंड करून. कुणीतरी गुडघ्यांवर बसून, मान वर करून, सगळं ऐकत होतं.

तिने फोन बंद केला.

"झालं," ती म्हणाली. आवाजातला राग काही जाईना. "ऐकलंस ना? डाग नव्हताच. घर साफ आहे. झालं तुझं काम… जा आता. मला हे घर भाड्यानं द्यायचंय."

आणखी एक शब्द तिथे हवा होता. तो तिला सुचलाच नाही.

बऱ्याच वेळाने गोल नाहीसे झाले. पाणी सुकायला लागलं, चारी बाजूंनी, उन्हाळ्यात सुकतं तसं. ब्लीचचा वास विरळ झाला. जाळीचं दार एकदा उघडलं आणि हळूच मिटलं. मग कुठूनशी एक माशी आली आणि नरेलच्या हातावर बसली, आणि तिला हाकलायचंही न सुचून नरेल तिच्याकडे बघत राहिली.

भिंत तिने भराभर रंगवली. उघडा तक्ता दिसेनासा झाला. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

एपेली आणि वासेवा आले ते हसतच. एपेलीने नळ सोडून बघितले, दारं उघडून मिटून बघितली. वासेवा बेडरूमच्या खिडकीत उभी राहून म्हणाली, "इथं छान वाटतंय गं बाई. मला वाटलं होतं खाणीच्या गावात सगळं काळं असेल." लगेच राहायला यायला ते तयार होते. ओसरीवरच सह्या झाल्या. ट्रेंट गाडीतून उतरला, पण पायऱ्यांपर्यंतच आला. नरेलने त्याच्या हातातून कागद हिसकून घेतले. महिनाअखेर अजून दूर होती. घर वाचलं होतं. नरेलला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. पण रडू आलं नाही, नुसतं डोकं ठणकत राहिलं.

"आणि ती आजी तुमची कोण?" निघताना वासेवाने विचारलं.

"कुठली आजी?"

"आम्ही आलो तेव्हा फाटकातून बाहेर पडत होती ना. हात बघवत नव्हते हो तिचे, लालभडक, सगळे चिरलेले. पण किती मायाळू! आमच्यासाठी फाटक धरून उभी राहिली. म्हणाली, घर चांगलं आहे, सुखानं राहा. मग विचारलं, मालकीणबाईंचं स्वतःचं घर कुठं असतं? एपेली म्हणाला बॅलरॅटला. तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत ना?"

नरेलने फाटकाकडे बघितलं. "मग?"

"मग काही नाही. म्हणाली, लांब आहे. पण आता मला दुसरं काम उरलं नाही."

नरेल पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. कुंपणापलीकडे डॉट नव्हती, नळी तशीच वाहत पडली होती. तिने घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. आई दुपारची झोपते, तिने स्वतःला बजावलं. आईला उठायला वेळ लागतो. गुडघे आहेत तिचे.

फोन उचलला गेला. पलीकडे नुसत्या धापा.

"आई?"

"अगं… बरं झालं फोन केलास."

"धापा का टाकतेयस?"

"खाली बसलेय ना. जमिनीवर. ती बाई आलीय, घर बघायला. तूच पाठवलीस ना?"

"कोण बाई? आई, नाव काय तिचं?"

"नाव नाही सांगितलं. बोलायला चांगली आहे हो, हळू बोलते. फक्त म्हणते, अजून नाही झालं. स्वयंपाकघर दोनदा पुसलं मी, नरेल. तिला कुठंतरी काहीतरी दिसतंय. मला नाही दिसत."

"आई, ते टाक हातातलं. ऊठ. आत्ताच्या आत्ता बाहेर जा."

"उठवत नाही गं. आणि बाहेर कशी जाऊ?" मर्लचा आवाज एकदम बारीक झाला, लहान मुलीसारखा. "बाहेर त्या बाकीच्या उभ्या आहेत."

"कोण बाकीच्या?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल… फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत. बायकाच जास्त. कुणी कडेवर मूल घेऊन, एकदोन म्हातारे पुरुषही आहेत. कुणी काही बोलत नाही. ही बाई म्हणते, त्यांनाही कुणी 'झालं' म्हटलेलं नाही. सगळ्यांनी बाह्या वर सारल्यात, आणि आपल्याच घराकडं बघतायत… थांब हं, नरेल. त्यातली दुसरी आत येतेय."